फळा नसलेली शाळा
(द्वितीय वर्ष, कला)

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वक्ते भाषणाच्या आरंभी हा शब्द वापरतात आणि श्रोतेही समाधानाने मान डोलावतात. पण कला काही पंचगंगेच्या पाण्यातून आपोआप उगवत नाही. ती कुणाकडून तरी, कुठेतरी बसून, हात काळे करून शिकावी लागते. मग प्रश्न असा पडतो की, ज्या काळी या गावात चित्रपट कसा काढावा हे शिकवणारी एकही शाळा नव्हती, त्या काळी इथल्या मूठभर माणसांनी ही विद्या कुठून मिळवली? आणि मिळवली तर ती इतकी कशी मिळवली की पुढे साऱ्या देशाने त्यांची चित्रे पाहावीत?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण एका अबोल माणसाच्या कारखान्याच्या दाराशी येऊन पोहोचतो. तो माणूस म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर, आणि तो कारखाना म्हणजे त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. बाबूरावांच्या चित्रपटांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला या लेखात त्यांच्या चित्रपटांपेक्षा त्यांच्या कारखान्यात माणसे कशी शिकत होती, याविषयी जास्त बोलायचे आहे. कारण माझ्या मते बाबूरावांची सर्वांत मोठी निर्मिती पडद्यावर दिसली नाही. ती कॅमेऱ्याच्या मागे उभी होती.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे कारागीर. घरात हत्यारांचा राबता. अशा घरात मुलाला हत्यार धरायला कुणी मुद्दाम शिकवत नाही. मूल रांगत रांगत लाकडाच्या भुश्शात येते, मोठ्यांच्या हाताकडे बघते आणि एक दिवस आपणही पटाशी उचलते. बाबूरावांचे शालेय शिक्षण प्राथमिकच्या पुढे फारसे गेले नाही. कुठल्याही कलाशाळेत त्यांनी धडे घेतले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला या दोन्ही विद्या त्यांनी बघून, करून, बिघडवून आणि पुन्हा करून साध्य केल्या.

या वाटचालीत त्यांना एक सोबती होता. त्यांचे चुलतबंधू आनंदराव. या दोघा भावांची जोडी नाटकांचे पडदे रंगवण्यात प्रसिद्ध झाली. तो मराठी संगीत रंगभूमीचा भरभराटीचा काळ होता. केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'सारख्या नाटक मंडळ्या राजवाड्याचे, उद्यानाचे, अरण्याचे देखावे असलेले मोठमोठे पडदे लावीत. छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कलावंताला मान होता. कुस्तीला, गाण्याला, नाटकाला राजाश्रय होता. १९१५ साली इथे पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. सपाट कापडावर खोली निर्माण करणे, दूरचा खांब लहान आणि जवळचा मोठा काढून प्रेक्षकाच्या डोळ्याला फसवणे, हे काम या भावांनी असे काही साधले की लोक त्यांना मेस्त्रीऐवजी पेंटर म्हणू लागले. धंद्याचे नाव हेच आडनाव झाले. आपल्या समाजात जातीवरून आणि गावावरून आडनावे पडतात. स्वतः शिकून घेतलेल्या कामावरून आडनाव पडण्याचे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

पडदे रंगवण्याचे काम एकट्याचे नसते. कापड शिवणारे, खळ लावणारे, रंग कालवणारे, आखणी करणारे असे अनेक हात त्यात लागतात. या कामाच्या निमित्तानेच पेंटर बंधूंच्या भोवती काही तरुण जमले. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल ही त्यांतली दोन नावे. एक ब्राह्मण घरातला, एक मुसलमान घरातला, आणि शिकवणारे मेस्त्री! ज्या काळी पंगतीला कोण कुणाशेजारी बसतो यावरून गावे पेटत, त्या काळी एकाच पडद्यावर ही माणसे शेजारी शेजारी बसून रंग भरत होती. रंग नीट बसला की नाही, एवढाच प्रश्न त्या पडद्यापुढे होता.

मे १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला आणि हलत्या चित्रांनी लोकांना वेड लावले. पेंटर बंधूंनाही लावले. पण त्यांच्या वेडाची जात निराळी होती. चित्र कशाने हलते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, विकत आणले. ते चालवून पाहिले आणि त्यातून शिकता येईल तेवढे शिकले.

इथे जरा थांबून त्या यंत्राची गंमत समजून घेतली पाहिजे. आपल्याला वाटते की प्रोजेक्टरमध्ये फिल्म सरळ वाहत जाते. तसे नसते. फिल्मच्या दोन्ही कडांना भोके असतात. यंत्रातले दाते त्या भोकांत अडकून फिल्म एक घर खाली ओढतात, मग ती क्षणभर थांबते, आणि पुन्हा एक घर सरकते. फिल्म सरकत असताना एक झडप उजेड अडवते आणि ती थांबली की झडप बाजूला होते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा वेळा ही क्रिया घडे. आपल्या डोळ्यात आधीचे चित्र पुसले जायच्या आत पुढचे येते आणि माणूस चालताना दिसतो. आता ज्याला हे कळले त्याला आणखी एक गोष्ट कळल्याशिवाय राहत नाही. चित्र दाखवणाऱ्या यंत्राचे आणि चित्र घेणाऱ्या यंत्राचे हृदय एकच आहे. फिल्म सरकवायची, थांबवायची, उजेड द्यायचा. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो. कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. तेव्हा विलायती कॅमेरा घेण्याइतके पैसे नसतील, तर कॅमेरा आपणच का करू नये?

हा विचार मनात येणे सोपे आणि अमलात आणणे महाकठीण. दाते, चक्रे, झडप यांतला केसभर फरकसुद्धा पडद्यावर चित्र थरथरवतो. दोघे भाऊ या खटपटीत असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. भाऊ गेला, भागीदार गेला, आणि ज्याच्याशी बोलत बोलत विचार पुढे सरकायचा तो माणूसच गेला. अशा वेळी पुष्कळांनी तो नाद सोडला असता. बाबूरावांनी दामल्यांना बरोबर घेतले. लेथवर, कानशीने, एकेक भाग घडवत, जुळवत आणि पुन्हा मोडत या दोघांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. भारतात बनलेला पहिला चलच्चित्र कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

मला या घटनेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. आनंदरावांना जे उमगले होते ते त्यांच्याबरोबर गेले नाही. का गेले नाही? कारण ते एकट्याच्या डोक्यात कुलूपबंद नव्हते. काम करता करता ते बाबूरावांच्या हातात उतरले होते, आणि बाबूरावांच्या हातून दामल्यांच्या. विद्येची खरी तिजोरी दुसऱ्या माणसाचे हात हीच असते, असे या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

कॅमेरा झाला, पण कंपनी काढायला भांडवल हवे. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा पुढे केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. योगायोग पाहा. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तो १९१७ साली. त्याच सुमारास त्याच गावात ही दुसरी शाळा सुरू होत होती. पहिलीत पाटी-पेन्सिल होती, हजेरीपट होता. दुसरीत यांतले काहीच नव्हते.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. द्रौपदीची विटंबना आणि भीमाने केलेला कीचकवध ही महाभारतातली कथा. वधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की सरकारने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' अशी पदवी दिली, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. चित्रपटात काम केले म्हणून त्यांच्या समाजाने त्यांना दूर लोटले आणि कंपनीच्या आवारातच त्यांना आसरा घ्यावा लागला. नव्या विद्येची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही, हे आपण विसरता कामा नये. पुरुषांना त्या विद्येने नाव दिले. या दोघींना आधी घर सोडावे लागले, मग नाव मिळाले.

आता या कंपनीत शिकणे कसे चालत असेल, ते पाहू. त्या वेळचे चित्रीकरण सूर्याच्या भरवशावर चाले. वर पांढरे कापड ताणून ऊन गाळून घ्यायचे, बाजूला पांढरे फळे धरून चेहऱ्यावरची सावली हलकी करायची. ऊन चढले की काम सुरू, ढग आले की बंद. ढग आल्यावर माणसे काय करीत असतील? बोलत असतील. कालचे चित्र काळे का पडले, आज फळा कुठे धरावा, साडीचा रंग का बुडाला, हे बोलणे म्हणजेच त्या शाळेचा तास.

रंगाचीच गोष्ट घ्या. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. तांबडे लुगडे पडद्यावर काळे येई आणि निळे आकाश पांढरे फटक. पडदे रंगवण्यात ज्यांचा हात बसला होता त्या चित्रकारांना आता आपला डोळाच नव्याने घडवावा लागला. समोर जे दिसते त्यापेक्षा फिल्मला काय दिसेल याचा अंदाज बांधूनच कपडा आणि भिंतीचा रंग निवडायचा. हा अंदाज बांधायला शिकण्याचा एकच मार्ग होता. दिवसा चित्र घ्यायचे, रात्री अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली ते धुवायचे, आणि काय चुकले ते सगळ्यांनी मिळून पाहायचे. गंमत अशी की तांबडे न दिसण्याचा जो दोष, त्याच्याच जोरावर तांबड्या दिव्याखाली फिल्म धुता येत होती. ज्याने देखावा रंगवला तोच रात्री ती फिल्म धुताना हजर असेल, तर त्याला आपली चूक दुसऱ्या कुणी सांगावी लागत नाही. त्या पाण्यातून ती आपोआप वर येते.

बाबूराव स्वतः फारसे बोलत नसत. तासन्‌तास विचारात गढून जात, असे त्यांचे वर्णन केले जाते. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांची, पोशाखांची, प्रसंगांची रेखाटने करीत. सांगण्यापेक्षा काढून दाखवणे हीच त्यांची रीत. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी खऱ्याखुऱ्या लांबी, रुंदी, खोलीचे देखावे त्यांनी उभारले. चित्रपटांची भित्तिपत्रके त्यांनी स्वतः रंगवली. चित्रपटाची सचित्र माहितीपुस्तके काढली. मालकच हातात कुंचला घेऊन भित्तिपत्रक रंगवायला बसतो म्हटल्यावर त्या कंपनीत कुठले काम हलके आणि कुठले भारी, हा भेद टिकणार कसा?

१९२० साली या कंपनीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला. शांताराम राजाराम वणकुद्रे. आपण ज्यांना व्ही. शांताराम म्हणून ओळखतो ते हेच. काही काळ नाटक कंपनीत, मग हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात आणि तिथल्याच एका चित्रपटगृहात त्यांनी कामे केली होती. महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करायचे अशीच त्यांची भरती होती. सामान हलवणे, रंग, रसायन, जोडणी, अभिनय, एकेक करत ते सगळ्या दारांतून आत शिरले. १९२१ च्या 'सुरेखाहरण'मध्ये ते पडद्यावर आले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तेच नायक होते, आणि १९२७ साली त्यांनी 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला. कामाला लागल्यापासून सात वर्षांत दिग्दर्शक! पुढच्या वर्षी दामले आणि फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला. हे दोन्ही चित्रपट बाबूरावांच्याच कंपनीचे होते. म्हणजे शिष्य तयार झाला की त्याच्या हाती काम सोपवण्याइतके मन गुरूपाशी होते.

मधल्या काळात बाबूराव स्वतःही थांबले नव्हते. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी विजेच्या दिव्यांचा उजेड वापरून रात्रीची दृश्ये घेतली. १९२५ चा 'सावकारी पाश' हा तर मला त्यांच्या साऱ्या कामाचा कळस वाटतो. नारायण हरी आपट्यांची कथा. सावकाराच्या कागदात एका शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहराची वाट धरतो, गिरणीत कामाला लागतो. देवादिकांचे चमत्कार बघायला सवकलेल्या प्रेक्षकांना ही आपलीच कथा फारशी पचली नाही. पण ज्या देशात बहुसंख्य माणसे शेतावर जगत होती, त्या देशाच्या पडद्यावर कर्जात बुडालेला साधा शेतकरी नायक म्हणून उभा राहिला, ही गोष्ट लहान नाही. शेतकऱ्याला कागद वाचता येत नाही म्हणून तो नागवला जातो. बाबूरावांना अनुभवाच्या शिक्षणाची किंमत माहीत होती, तशीच अक्षरांवाचून माणसाचे काय होते याचीही जाण होती, असे या कथेच्या निवडीवरून वाटते.

इथवर सारे गोड आहे. पण अशा शाळेची एक कडू बाजूही असते आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघे, कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांना सोबत घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या हातांनी बाबूरावांची कंपनी चालत होती ते हातच निघून गेले. थोड्याच काळात बाबूरावही त्या कंपनीतून बाहेर पडले आणि ती बंद पडली.

याला कुणी कृतघ्नपणा म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. कॉलेजात आपण तीन वर्षे शिकतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. प्राचार्यांना त्याचे दुःख होत नाही, उलट समारंभ करतात. कारखान्यात शिकलेल्या माणसाला मात्र पदवीदान समारंभ नसतो. तो पुरता शिकला हे कुणी जाहीर करीत नाही. त्याचे त्यालाच एक दिवस ते कळते. मग त्याला नुसते काम पुरत नाही. कामात त्याचा शब्द चालावा, नफ्यात त्याचा वाटा असावा, असे त्याला वाटू लागते. जी संस्था माणसांना शिकवते पण शिकलेल्यांना भागीदार करून घेत नाही, तिला कधी ना कधी हा दिवस पाहावाच लागतो. प्रभातचे वेगळेपण नेमके इथेच होते. तिथे काम करणारेच मालक होते. गुरूच्या घरातली विद्या आणि गुरूच्या घरातली उणीव, दोन्ही बरोबर घेऊन शिष्य निघाले होते.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. लोखंडाचा तुकडा फिरताना नुसत्या आवाजावरून हत्यार बोथट झाले की नाही हे त्यांना कळते. हे त्यांना एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवले. त्या मिस्त्रीला आणखी कुणी शिकवले असेल. यातले एक अक्षर कुठे लिहिलेले नाही. नोकरीच्या अर्जात शिक्षण या शब्दापुढे वडील सातवी असे लिहितात आणि खालची जागा रिकामी राहते. बाबूरावांचे चरित्र वाचताना मला सारखी ती रिकामी जागा आठवत होती. सिनेमाकेसरींनी असा अर्ज भरला असता तर त्यांनाही त्या रकान्यात फारसे काही लिहिता आले नसते!

तरीही परीक्षा आणि पुस्तके सोडून सर्वांनी कारखान्यात जावे, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे फसवे होईल. हाताने शिकलेली विद्या हातांबरोबर नाहीशीही होते. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. १९२५ चा 'सावकारी पाश' आपल्याला पाहता येत नाही. शिवाय अशी विद्या दारात उभे राहू दिले तरच मिळते. शांतारामांना ते दार उघडे मिळाले. किती जणांना मिळाले नसेल! शाळेचा आणि कॉलेजचा मोठा गुण हा की, निदान कायद्याने तरी तिचे दार कुणालाही अडवता येत नाही. शाहू महाराजांच्या हुकुमाचे मोल इथे कळते. या दोन शाळांनी एकमेकींकडे पाठ करून बसू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रभातची पुढची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. पुन्हा सगळ्यांची पाटी कोरी झाली. पण ज्या दामल्यांनी बाबूरावांबरोबर कॅमेरा घडवला होता, त्यांना नव्या यंत्राची भीती वाटण्याचे कारण नव्हते. त्यांनी ध्वनिमुद्रण हाती घेतले आणि १९३२ मध्ये प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' आला. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. कोल्हापुरात रंग कालवणारी दोन माणसे कुठल्या कुठे जाऊन पोहोचली!

बाबूरावांनी बोलपटाच्या काळातही काही चित्रपट केले. १९३५ साली 'उषा', १९३६ साली 'सावकारी पाश' पुन्हा, या वेळी बोलका, आणि १९३७ साली 'प्रतिभा'. पण पूर्वीचे वैभव परत आले नाही. चित्रे रंगवण्यात आणि शिल्पे घडवण्यात त्यांचे मन रमू लागले. १९४७ साली मात्र एक हृद्य गोष्ट घडली. शांतारामांच्या राजकमल संस्थेने 'लोकशाहीर रामजोशी' काढला. त्याच्या दिग्दर्शकांत बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम अशी दोन नावे आहेत. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या हाती गुरूने चित्रपट सोपवला होता, त्याने आता गुरूच्या हाती चित्रपट दिला. आपल्याकडे गुरुदक्षिणेच्या कथा पुष्कळ आहेत. बहुतेकांत शिष्याला काहीतरी गमवावे लागते. या कथेत शिष्याने गुरूला पुन्हा काम दिले. खऱ्या कारागिराला यापेक्षा मोठी दक्षिणा कोणती?

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव पेंटर कोल्हापुरात निवर्तले.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९६० साली, भारत सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था पुण्यात सुरू केली. ती आजही तिथे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले परीक्षा देऊन तिथे येतात आणि पदविका घेऊन जातात. ही संस्था ज्या जागेवर उभी आहे ती जागा प्रभात स्टुडिओची. म्हणजे मेस्त्रींच्या कारखान्यात शिकलेल्यांनी जिथे आपला स्टुडिओ थाटला, नेमक्या त्याच जमिनीवर पुढे फळा आला, वर्ग आले, अभ्यासक्रम आला. त्या फळ्यावर आज जे लिहिले जाते, त्यातले काही ढग आल्यावर कोल्हापुरात काम थांबवून बसलेल्या माणसांच्या बोलण्यात पहिल्यांदा उमटले असेल.

आपल्याही कॉलेजात वर्गाबाहेर असे बोलणे चाललेले असते. ग्रंथालयाच्या पायरीवर, प्रयोगशाळेच्या दारात, नाटकाच्या तालमीत, चहाच्या टपरीवर एखादा मित्र आपल्याला न कळलेला धडा चार वाक्यांत समजावून देतो. त्याची नोंद कुठल्या हजेरीपटात होत नाही. परीक्षा संपल्यावर आपण प्राध्यापकांचे आभार मानतो, आणि मानलेच पाहिजेत. त्याबरोबर त्या मित्राचेही मानावेत. आणि सुट्टीत घरी गेल्यावर, ज्यांना आपण अशिक्षित म्हणतो त्यांच्या शेजारी दोन घटका बसून त्यांचे हात काय करतात ते नीट पाहावे. मी या सुट्टीत ते करणार आहे. जमले तर वहीत लिहूनही ठेवणार आहे. कारण बाबूरावांच्या शाळेत जे राहून गेले ते हेच, आणि आपल्याला लिहिता येते.